मासा परत येतो, परवाना येत नाही

अलास्काच्या नैऋत्य टोकाला, क्विचॅक नदीच्या काठावर, दर उन्हाळ्यात एक मचाण उभं राहतं. पाण्याची चकाकी मारणारा काळा चष्मा लावून त्यावर माणूस बसतो आणि दर तासाला दहा मिनिटं, हातातल्या मोजणीयंत्राची कळ दाबत, वर जाणारे मासे मोजतो. सॉकाय जातीचा सॅमन नदीच्या मधोमध सहसा जात नाही. तिथे ओढ जास्त. तो काठ धरून, उथळ पाण्यातून, रांगेने जातो. म्हणूनच तो नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो. दहा मिनिटांचा आकडा सहाने गुणला की तासाचा आकडा झाला. समोरच्या काठावर दुसरं मचाण, तिथेही हेच. पाळ्या लावून चोवीस तास मोजणी चालते. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात रात्र तशी नावालाच असते.

एवढ्या साध्या हिशोबावर जगातली सर्वांत मोठी सॉकायची मासेमारी चालते. उपसागराचं नाव ब्रिस्टल बे. कॅप्टन कुकने १७७८ मध्ये एका इंग्रज उमरावाचं नाव त्याला चिकटवलं. युपिक, देनाइना आणि अलुतीक लोक तिथे त्याच्या हजारो वर्षं आधीपासून मासा सुकवत होते. २०२२ साली या उपसागरात सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. त्यांतले सुमारे ६ कोटी पकडले गेले आणि तरीही नद्यांच्या वाट्याचे मासे अंडी घालायला वर पोचले. जगात पकडल्या जाणाऱ्या सॉकायपैकी निम्म्याच्या आसपास इथूनच येतो. (मुंबईच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, त्याच्याशी याचं नात्याने काही देणंघेणं नाही.)

मासेमारी कशी करावी याचा धडा म्हणून ब्रिस्टल बेकडे बोट दाखवतात, आणि माशापुरतं ते खरंच आहे. माझी हरकत माशाच्या पुढची आहे. ज्या व्यवस्थेने नदीनिहाय एकेक मासा मोजला, तिने मासा पकडण्याचा हक्क मात्र बाजारात मोकळा सोडला. तो हक्क गेली पन्नास वर्षं गावांमधून थेंबथेंब गळतो आहे. त्यातला काही भाग कायद्याने जागेला बांधला पाहिजे, आणि तसं करताना एकाही माशाचं नुकसान होत नाही.

आधी माशाची व्यवस्था पाहू, कारण तिच्यातली शिस्त पाहिल्याशिवाय माणसांच्या बाबतीत झालेली हयगय नजरेत भरत नाही.

उपसागरात मासेमारीचे पाच विभाग आहेत: टोगियाक, नुशागाक, नाकनेक-क्विचॅक, एगेगिक आणि उगाशिक. नद्या मोठ्या अशा नऊ. प्रत्येक नदीत किती मासा निसटून वर गेला पाहिजे याचा आकडा ठरलेला असतो. क्विचॅकसाठी तो २० लाख ते १ कोटी आहे. मासे किनाऱ्याला लागायच्या साधारण आठवडाभर आधी पोर्ट मोलरजवळ, समुद्रात आडव्या आखलेल्या रेषेवर, ठरलेल्या ठिकाणी चाचणीची जाळी पडतात. तिथल्या माशांच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी होते आणि येणारा थवा कोणत्या नदीचा आहे याचा अंदाज मिळतो. हा अंदाज, मचाणांवरची मोजणी आणि पकडीचे रोजचे आकडे समोर ठेवून विभागाचा जीवशास्त्रज्ञ रेडिओवरून जाहीर करतो की अमुक भरतीला अमुक तास जाळी टाकता येतील. आकडा मागे पडला तर जाळी वर. मग बाहेर बाजारभाव काय आहे, कारखान्यांची तयारी किती आहे, कुणाचे हप्ते थकलेत, हे कुणी विचारत नाही. नव्वदच्या दशकाअखेर क्विचॅकचा मासा घटला, तेव्हा शेजारच्या नाकनेक नदीत भरपूर मासा असूनही बोटींना खुल्या विभागातून हटवून नाकनेकच्या पात्रातल्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंबलं होतं. खुल्या पाण्यात दोन्ही नद्यांचे मासे मिसळलेले असतात. एकाला पकडून दुसऱ्याला सोडणारं जाळं अजून कुणी विणलेलं नाही.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ही बंदी कॅलेंडरवर चालते. मासा लवकर आला काय, उशिरा आला काय, तारीख हलत नाही. तिथे तारीख मासा ठरवतो. अर्थात आपल्या समुद्रात शेकडो जाती आणि तिथे एका जातीचं राज्य, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी इथे आणता येणार नाही, हेही खरं.

या शिस्तीमागे एक शास्त्रीय कारण आहे, ते पुढच्या वादात कामी येईल. सॉकायचं पिल्लू एक-दोन वर्षं तळ्यात काढतं, मग दोन-तीन वर्षं समुद्रात, आणि चार ते सहा वर्षांचं होऊन जन्माच्या ओढ्यात परत येतं, अंडी घालतं, मरतं. ज्या-त्या ओढ्याचा, तळ्याच्या काठाचा मासा वेगळा घडतो. कुणी उथळ ओढ्यात सडपातळ, कुणी तळ्याच्या काठच्या खडीत उंच पाठीचा. एखाद्या वर्षी थंडीने एका प्रकाराला मार बसतो, तेव्हा दुसरा तरतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी वुड नदीच्या तळ्यांवर १९४०च्या दशकापासून नोंदी ठेवल्या आहेत. त्या आणि इतर नद्यांच्या नोंदींवरून २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. त्याचा निष्कर्ष असा की उपसागरात इतके वेगवेगळे कळप नसून एकच एकजिनसी कळप असता, तर दरवर्षीच्या परतीतला चढउतार २.२ पट वाढला असता आणि मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याची वेळ दहापट वेळा आली असती. सगळी अंडी एका टोपलीत नसल्याचा हा फायदा. इथे तर अंडी खरोखरचीच.

पेबल खाणीच्या लढ्यातही मुळात हाच मुद्दा होता. इलियाम्ना तळ्याच्या वर, नुशागाक आणि क्विचॅकच्या उगमाशी, तांबं, सोनं आणि मॉलिब्डेनमचा प्रचंड साठा १९८०च्या दशकाअखेर सापडला. समर्थक म्हणत, एवढ्या मोठ्या खोऱ्यातले काही मैल ओढे गेले तर काय बिघडलं? बिघडतं ते हे, की कोणता ओढा उद्याच्या वाईट वर्षी कामाला येणार हे आज कुणालाच माहीत नसतं. अँग्लो अमेरिकन ही खाणकंपनी २०१३ मध्ये बाहेर पडली, रिओ टिंटोने २०१४ मध्ये आपले शेअर दान केले. त्याच वर्षी अलास्काच्या मतदारांनी सुमारे दोन तृतीयांश मतांनी ठरवलं की या खोऱ्यात मोठी धातूची खाण काढायची तर विधिमंडळाची मंजुरी लागेल. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शुद्ध पाणी कायद्याखाली त्या साठ्याच्या खाणीचा राडारोडा तिथल्या पाण्यात टाकायला मनाई केली. खाणीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ती सांगायला सोपी आहे: समोर एक कंपनी असते, एक खड्डा असतो. परवान्यांच्या गळतीत समोर कुणीच नसतं, म्हणून तिच्यावर मोर्चा निघत नाही.

आता बोटीवर येऊ.

उपसागरात जाळं दोन तऱ्हांनी लागतं. एक वाहतं, बोटीवरून सोडलेलं. दुसरं किनाऱ्याला बांधलेलं, छोट्या होडीवरून चालवलेलं. वाहत्या जाळ्याची लांबी १५० वाव, म्हणजे ९०० फूट. बांधलेल्याची ५० वाव. जाळं आपल्या वावरीसारखंच: वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीत शिसं, मध्ये पाण्यात न दिसणारं सूत. आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, साधारण पाच इंचाचा. माशाचं डोकं आसात शिरतं, धड शिरत नाही, आणि मागे सरकायला गेला की कल्ले अडकतात. बोटीची लांबी ३२ फूट, वर एक इंच नाही. हा शिडाच्या होड्यांच्या काळातला नियम. १९५१ पर्यंत इथे इंजिनाच्या बोटीने मासेमारी करायला बंदीच होती. माशाच्या काळजीचं कारण पुढे केलं जाई, पण शिडाच्या होड्या कारखान्यांच्या मालकीच्या होत्या आणि कोळी त्यांच्या मुठीत राहत, ही सोयही त्यात होतीच. इंजिन आलं, लांबी वाढवता येईना, म्हणून बोटी रुंदीला फुगल्या. आज लांबीच्या निम्म्या रुंदीच्या, चौकोनी डब्यासारख्या ॲल्युमिनियमच्या बोटी तिथे दिसतात.

हंगाम सहा आठवड्यांचा, त्यातला खरा मासा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. उधाणाला नाकनेककडे पाणी सहा-सात मीटर चढतं-उतरतं. पाणी गढूळ, तळ चिखलाचा, रेतीचे बांध दरवर्षी जागा बदलणारे. मुभा सुरू व्हायच्या मिनिटाला तांडेल बोट पुढे दामटतो आणि मागच्या रहाटावरून जाळं सुटतं. मासा दाट असला तर बोये पाण्याखाली जातात आणि जाळ्याच्या रेषेवर फेस उडतो. अशा वेळी हावरेपणा करून जाळं वीस मिनिटं जास्त ठेवलं की ते जड होऊन बुडतं, ओढताना सूत फाटतं, आणि ओहोटी लागली असेल तर बोट जाळ्यासकट बांधावर बसते. जाळं पंख्यात गेलं तर त्या भरतीपुरता धंदा बुडाला. विभागाच्या सीमारेषेवर सगळ्यांची झुंबड असते, कारण मासा आधी तिथेच येतो. प्रवाहाने जाळं पन्नास फूट पलीकडे वाहून गेलं तरी दंड, आणि वरून पहाऱ्याचं विमान फिरत असतं. एका विभागातून दुसऱ्यात जायचं तर नोंद बदलून ४८ तास जाळं न टाकता थांबावं लागतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ४८ तास म्हणजे वर्षाच्या कमाईचा केवढा लचका, हे वेगळं सांगायला नको.

मासा वर आला की तो सुताच्या बाहेर काढायचा, कल्ला तोडून रक्त काढायचं आणि थंड समुद्रपाण्याच्या हौदात सोडायचा. हौदाचं पाणी शून्याच्या जरा वर ठेवावं लागतं. हे थंडीचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण गळतीची एक चावी इथेच आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बराचसा मासा डब्यात जायचा. बोटीत सुका पडलेला, थोडा मऊ झालेला मासा चालून जाई. पुढे शेतीत वाढवलेल्या सॅमनने बाजार व्यापला, गिऱ्हाइकाला ताज्या रंगाचा, घट्ट मांसाचा तुकडा हवासा झाला आणि कारखाने गोठवलेल्या फिलेकडे वळले. थंड करून आणलेल्या माशाला पौंडामागे जास्त पैसे मिळू लागले. म्हणजे बोटीत शीतयंत्र हवं, त्याला जादा इंजिन हवं, हौद हवेत. जुन्या बोटीत हे बसवायला जागाही नसते आणि पैसेही. नवी बोट पाच लाख डॉलरांच्या पुढे. उपसागरावरच्या डिलिंगहॅम गावाच्या वरच्या अंगाला नदीकाठी राहणाऱ्या, थंडीत दुसरी नोकरी नसलेल्या माणसाला ही उडी जमली नाही. सिअ‍ॅटलजवळ घर असलेल्याला, ते गहाण ठेवून, जमली.

आता परवाना. १९७३ साली ब्रिस्टल बेत मासा रुसला. आधीच्या कडाक्याच्या हिवाळ्यांनी पिल्लं मारली होती, खुल्या समुद्रातली जपानी जाळी होतीच. त्या वर्षीची पकड दहा लाख माशांवरही गेली नाही. पुढे कोट्यवधी मासा देणाऱ्या त्याच पाण्याची ही गोष्ट. बोटी मात्र वाढत होत्या. अलास्काच्या घटनेत मासेमारीचा खास हक्क कुणालाही देऊ नये असं कलम होतं. १९७२ मध्ये ते दुरुस्त करून मर्यादित प्रवेशाला वाट केली, १९७३ मध्ये कायदा आला आणि १९७५ पासून परवाने सुरू झाले. आज वाहत्या जाळ्याचे सुमारे १,८५० आणि बांधलेल्या जाळ्याचे हजाराच्या जरा आत परवाने आहेत.

कायदा करणारे काही दुष्ट नव्हते. त्यांनी कंपन्यांना दूर ठेवलं: परवाना फक्त हाडामांसाच्या माणसाच्या नावावर, भाड्याने द्यायला बंदी, मासेमारीच्या वेळी परवानाधारक स्वतः बोटीवर हवा, बँकेकडे सहजी गहाण ठेवता येणार नाही. आइसलँडमध्ये कोट्यांचं, म्हणजे पकडीच्या ठरवून दिलेल्या वाट्यांचं, जे झालं, की काही घराण्यांच्या हाती समुद्र गेला, ते इथे याच तरतुदींनी टळलं. पण दोन भोकं राहिली.

पहिलं वाटपात. परवाने गुणांवर दिले: पूर्वी किती वर्षं जाळ्याचा परवाना काढून मासेमारी केली आणि पोट तिच्यावर किती अवलंबून आहे. खलाशी म्हणून घातलेली वर्षं जाळ्यावाल्याच्या वर्षांसारखी धरली नाहीत. इंग्रजी अर्ज, जुन्या पावत्या, मुदती. ज्या गावांत घरात युपिक बोलतात आणि टपाल विमानाने येतं, तिथे किती पात्र माणसं अर्जापर्यंत पोचलीच नाहीत.

दुसरं भोक मोठं. परवाना विकता येतो, कुणालाही, कुठल्याही राज्यातल्याला. मालक अँकरेजला राहायला गेला तरी परवाना त्याच्यासोबत जातो. उपसागराच्या खोऱ्यात राहणाऱ्यांच्या हातातले परवाने १९७५ पासून जवळपास निम्म्याने घटले आहेत. ही घट एका रात्रीत झाली नाही, आणि तिचं यंत्र ओळखीचं आहे. कोळ्याच्या कमाईतून कर आधी कापला जात नाही; तो पुढच्या वर्षी स्वतः भरायचा असतो. चांगल्या वर्षाचा कर वाईट वर्षात देणं येतं. १९८८ मध्ये सॉकायला पौंडाला दोन डॉलरांच्या वर भाव होता, २००१ मध्ये तो ५० सेंटच्याही खाली घसरला. वाहत्या जाळ्याचा जो परवाना ऐंशीच्या दशकाअखेर अडीच लाख डॉलरांच्या आसपास होता, तो २००२ मध्ये वीस हजारांच्या घरात आला. पडत्या भावात विकतो कोण? ज्याला थांबणं परवडत नाही तो. घेतो कोण? ज्याच्या हाताशी पैसा आहे तो. मग भाव चढतो, २०२२ पर्यंत पुन्हा अडीच लाखांकडे, आणि विकून बसलेल्याच्या मुलाला आत यायचा दरवाजा उरत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं, की विकणाऱ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, त्याला पैसे मिळाले, व्यवहार संपला. विकणाऱ्यापुरता संपला, मान्य. पण त्याने विकलं ते फक्त स्वतःचं नव्हतं. ज्या गावात रस्ता नाही, कारखाना नाही, शेती होत नाही, तिथे एका परवान्यावर भाचा, पुतण्या खलाशी म्हणून तयार होतो. बोट आणि तिची मोटार उन्हाळ्यात धंद्याला आणि एरवी शिकारीला, सरपणाला, पोटापुरत्या मासेमारीला वापरली जाते. पोटापुरत्या माशासाठी घरटी मोफत परवाना मिळतो, त्यावर बाजाराची पकड नाही, हे खरं. पण त्या जाळ्यापर्यंत न्यायला लागणारं पेट्रोल येतं धंद्याच्या पैशातून. धूरघरात टांगलेला मासा, अर्धचंद्राकृती उलुआक सुरीने चिरलेल्या त्याच्या लाल पट्ट्या, हे सगळं वरकरणी बाजाराबाहेरचं दिसतं. आतून ते परवान्याला बांधलेलं असतं.

शाळेचंही तेच. अलास्कात दहापेक्षा कमी मुलं उरली की शाळेचा सरकारी पैसा आटतो. एक-दोन कुटुंबं परवाना विकून गेली, पट आठवर आला, शाळा बंद झाली, मग उरलेलीही जातात. या गावांनी १९१९च्या वसंतात इन्फ्लुएंझा पाहिला आहे. घरंच्या घरं रिकामी झाली, डिलिंगहॅमजवळ अनाथ मुलांसाठी आश्रम काढावा लागला. इतकं सोसून टिकलेली वस्ती परवान्याच्या कागदावर रिकामी व्हावी?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बाहेरचे परवानाधारक काही चोर नाहीत. वॉशिंग्टन राज्यातली कितीतरी कुटुंबं तीन पिढ्या इथे मासेमारी करतात, नियम पाळतात, खाणीविरुद्ध तीच पुढे होती. त्यांना हुसकावण्याचा प्रश्नच येत नाही, आणि आणला तरी चालणार नाही. अमेरिकेची घटना एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात सापत्न वागणूक द्यायला मोकळीक देत नाही. बाहेरच्या कोळ्यांकडून परवान्याची जादा फी घेतल्याबद्दल अलास्काला कोर्टात वर्षानुवर्षं किंमत मोजावी लागली आहे. त्यामुळे ‘परवाने फक्त स्थानिकांना’ ही घोषणा सभेत टाळ्या घेईल, कोर्टात पडेल.

तिसरा आक्षेप सवयीचा: हक्क मोकळा असला की तो चांगल्या कोळ्याकडे जातो, पकड कार्यक्षम होते. इथे हे मुळीच लागू पडत नाही. किती मासा पकडायचा हे मचाणावरचा माणूस ठरवतो. सगळ्या बोटी मिळून तेवढाच पकडणार, मग तांडेल टोगियाकचा असो वा टॅकोमाचा. परवाना कुणाकडे आहे यावरून फक्त पैसा कुठे खर्च होतो ते ठरतं.

दुसरीकडे काय करून पाहिलंय? अमेरिकेच्याच मेन राज्यात लॉब्स्टरचा परवाना विकताच येत नाही. मालक थांबला की तो सरकारजमा होतो, आणि नव्याला आधी उमेदवारी करून, समुद्रावरच्या दिवसांची नोंदवही भरून, रांगेत यावं लागतं. किनाऱ्याच्या छोट्या गावांत लॉब्स्टरचा धंदा टिकला त्यात या नियमाचा वाटा मोठा आहे. दोष असा की काही विभागांत रांग वर्षानुवर्षं हलत नाही आणि उमेदवार म्हातारा व्हायला येतो. आइसलँडने कोट्यांवर टीका झाल्यावर २००९ पासून छोट्या बोटींना उन्हाळी गळमासेमारी खुली केली: जास्तीत जास्त चार गळयंत्रं, दिवसाला १४ तास, आठवड्यात चार दिवस, पकडीला रोजची मर्यादा. नॉर्वेने कॉडच्या कोट्याबाहेर छोट्या होड्यांचा एक खुला गट राखला. यातलं एकही ब्रिस्टल बेत जसंच्या तसं चालणार नाही. परवाने रातोरात न विकण्याजोगे केले, तर अडीच लाख डॉलर कर्ज काढून नुकताच आलेला स्थानिक तरुणच आधी बुडेल. खुला गट काढला, तर नाकनेकच्या चिंचोळ्या तोंडाशी आणखी शंभर जाळी कुठे मावणार?

ब्रिस्टल बेची आर्थिक विकास संस्था, बेरिंग समुद्रातल्या पोलॉक माशाच्या कोट्यातून मिळणाऱ्या पैशावर, स्थानिकांना परवाना घ्यायला मदत करते. चांगलं काम आहे, पण परवाना शेवटी व्यक्तीच्याच नावावर होतो. भोक आहे तिथेच राहतं. गरज आहे ती परवाना धरून ठेवू शकणाऱ्या, न मरणाऱ्या, गाव न सोडणाऱ्या हाताची. म्हणजे खोऱ्यातल्या गावांनी मिळून चालवलेला न्यास. त्याने बाजारभावाने, राजीखुशीने विकणाऱ्याकडून परवाने घ्यावेत. एकाही बाहेरच्याचा हक्क हिसकावला जात नाही, म्हणून घटनेची अडचण येत नाही. हे परवाने न्यासाने पुन्हा कधी विकू नयेत. खलाशी म्हणून काही हंगाम घातलेल्याला ते सहा-सात वर्षांसाठी, पकडीच्या ठरलेल्या टक्क्यांवर द्यावेत. वाईट वर्षी रक्कम आपोआप कमी होईल, कराच्या फासासारखी मागून आवळणार नाही. मुदत संपेपर्यंत त्याने स्वतःचा परवाना घेण्याइतकं साठवावं, आणि न्यासाचा पुढच्याकडे जावा. सुरुवात बांधलेल्या जाळ्यांपासून करावी. त्याला होडी, मोटार आणि किनाऱ्यावरची जागा पुरते, शिकणाऱ्याची चूक पाच लाखांत जात नाही, आणि या जाळ्यावर बायका, पोरं, आज्या सगळ्यांचे हात चालतात.

यात धोके आहेत. न्यासाच्या मंडळावर दोन घराणी बसली तर परवाने त्यांच्याच पुतण्यांना मिळतील. गावपातळीवरच्या सोसायट्यांचा हा रोग मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून गुणांची पद्धत उघड हवी, मुदत पक्की हवी, आणि एका घरात एकच.

अशा न्यासांना परवानगी देणारं एक विधेयक २०१७ मध्ये अलास्काच्या विधिमंडळात आलं होतं. ते मंजूर झालं नाही. अडसर कायद्यातल्या त्याच तरतुदीचा आहे जी एकेकाळी कंपन्यांना रोखायला घातली होती: परवाना फक्त माणसाच्या नावावर. कंपनीला बाहेर ठेवणारं कुंपण गावालाही बाहेर ठेवतं. त्या तरतुदीला आणि भाड्याच्या बंदीला, संख्येची कमाल मर्यादा घालून, गावांच्या न्यासाचा एक अपवाद जोडला की पुरे. बाकी कायद्याला हात लावायची गरज नाही.

वेळेचा मुद्दाही आहे. २०२३ च्या जुलैत, हंगाम ऐन भरात असताना, सॉकायचा मूळ भाव पौंडाला ५० सेंट जाहीर झाला, आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. कोळ्यांनी नाकनेकला बोटी रांगेत लावून निषेध केला. त्यानंतर परवान्यांचे भाव पुन्हा उतरले, आणि पुन्हा तीच माणसं विकायला निघाली ज्यांना थांबणं परवडत नाही. २००२ मध्ये वीस हजारांच्या घरात मिळणारा परवाना विकत घ्यायला गावाजवळ पैसा नव्हता. आज पोलॉकच्या कोट्याचा पैसा आहे. परवानगी तेव्हाही नव्हती, अजूनही नाही.